सासूची धाप सुनेला कशी?

सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांत आम्ही जातो तेव्हा हमखास ऐकतो, "धाप आमच्या घराण्यातच आहे. सासूबाईंचे पाय असेच सुजायचे, आता माझे." अहो ताई, सासूचे रक्त सुनेत कुठून येणार? आली ती चूल!

वर्षानुवर्षे धूर छातीत गेला की फुफ्फुसे खराब होतात. त्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तिकडे रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते आणि पायांवर सूज चढते. दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांना हा विकार विडी न ओढणाऱ्या बायकांतही दिसला. १९५९ साली त्यांनी घरातल्या धुराकडे बोट दाखवले.

आनुवंशिकता खोटी नव्हे. फुफ्फुसाला जपणारे एक प्रथिन काहींच्या रक्तात जन्मतःच कमी असते, हे १९६३ साली स्वीडनमध्ये उमगले. पण अशी माणसे थोडी. एकाच धुरात एकीचे हृदय लवकर थकते, दुसरीचे उशिरा, यामागेही जनुके असावीत असे शास्त्रज्ञ मानतात. जनुके बदलता येत नाहीत, चूल हलवता येते.

गॅस आला तरी पाणी तापवायला चूल पेटतेच. सिलिंडरचा भाव आम्हांलाही ठाऊक आहे. निदान ती दाराबाहेर मांडा. आणि धाप लागून पाय सुजले तर सिव्हिलमध्ये छातीबरोबर हृदयही तपासून घ्या.