माणूस उठून दिसावा म्हणून

छायाचित्रातला माणूस उठून दिसावा म्हणून त्याचा भोवताल पुसून टाकणे, हा आम्हाला आळसाचा मार्ग वाटतो. डेनिस स्टॉक यांनी १९५५ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये टिपलेला जेम्स डीन आठवावा. पावसाने भिजलेला रस्ता, ओव्हरकोट, ओठांत सिगारेट. या चित्राच्या एका प्रतीवर डार्करूममधले मुद्रक पाब्लो इनिरिओ यांनी खुणा आणि आकडे यांचे जाळेच विणले आहे: प्रकाश कुठे अडवायचा, कुठे अधिक द्यायचा. अडवला की तो भाग उजळतो, अधिक दिला की काळवंडतो. तयार चित्रात मात्र या हिशेबाची चाहूलही लागत नाही.

मोबाइलचा ‘पोर्ट्रेट मोड’ मागचे सारे सरसकट धूसर करून मोकळा होतो. माणूस दिसतो खरा. तो कुठे उभा आहे हे कळत नाही. (कादंबरीतून गाव वगळून नायक तेवढा राखावा, तसे.) वास्तविक संगणकावरही सबुरीने काम करता येते. पार्श्वभूमी किंचित गडद करावी, तिच्या रंगांचा भडकपणा थोडा उतरवावा, डोळ्यांपाशी जपून उजेड द्यावा, बस्स. डीनच्या भोवतीचा तो ओला रस्ता गेला असता, तर त्याच्या आखडलेल्या खांद्यांत आम्हाला एकटेपण वाचता आले नसते.