बर्फातलं चर्च

जुलैची २३ तारीख. सकाळपासून पावसाची झड लागलेली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरात सातवीतली नात चित्र रंगवत बसली होती. शहरातलं उंच चर्च आणि चहूकडे बर्फच बर्फ! नाताळच्या जुन्या भेटकार्डावरून तिने ते हुबेहूब उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रं द्यायची होती.

आजोबा चष्मा पुसत जवळ आले. "छान जमलंय गं! आणि आज तर चित्रकार रझांची पुण्यतिथी."

"त्यांनीही चर्च काढलं होतं का हो आजोबा?"

"काढलं होतं तर!"

आजोबा सांगू लागले. सय्यद हैदर रझांचा जन्म १९२२ सालचा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावातला. नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकले. १९५० साली फ्रान्सला गेले. तिथली गावं, उतरती छपरं, चर्चचे मनोरे त्यांनी रंगवले. नाव झालं, १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला. तरी मनाला काहीतरी टोचत होतं, यात आपलं काय?

मग त्यांना आठवले शाळेतले गुरुजी. चंचल पोराचं चित्त स्थिर व्हावं म्हणून त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. तोच ठिपका पुढे रझांचा जगप्रसिद्ध 'बिंदू' झाला. २०१० साली ते भारतात परतले. २०१६ साली दिल्लीत वारले, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन झालं ते मंडल्यालाच, वडिलांच्या कबरीशेजारी.

नातीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं चित्र चुकलं?"

"छे गं! रझांना चर्च रोज समोर दिसायचं. तू बर्फ कधी पाहिलास?"

"तिच्या डोक्यात काही भरवू नका हं बाबा," स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाल्या. "शाळेत असल्याच चित्रांना नंबर मिळतो."

आजोबा गप्प बसले. त्यांचंही खोटं नव्हतं.

नात बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर पाणी साचलं होतं, छत्र्यांची गर्दी चालली होती. मग तिने हळूच कोरा कागद पुढे ओढला.

नंबर काही आला नाही. पण छत्र्यांचं ते ओलं चित्र सूनबाईंनीच फ्रेम करून बैठकीत लावलं. आणि बर्फातलं चर्च? ते आजोबांच्या कपाटावर आहे.