गोळी दुधाबरोबर? कोणी सांगितलं?

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. नेहमीसारखं पावसाचं, भातलावणीचं किंवा म्हशाच्या जत्रेचं काही नाही. ज्यांना हे प्रवचन वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. मात्र आमच्या मुरबाडच्या (माहेर) आणि शहापूरच्या (सासर) मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही नम्र विनंती. विनंती कसली, दमच समजा. :-)

मुद्दा साधा आहे. कागदावर औषधाचं नाव खरडलं म्हणजे उपचार झाला, हे मला मान्य नाही. ते औषध कधी घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगितलं नाही तर उपचार अर्धाच राहतो. कधी कधी तर अर्धाही होत नाही.

तुमच्यापैकी बर्‍याच जणांना माहीत आहे की मला आयटीपी आहे. म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट्सना शत्रू समजून मारत सुटते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असाव्या लागतात. माझ्या अकरा हजारांवर आल्या होत्या. पायावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, आणि बायकांना वेगळं सांगायला नको, महिन्याचे ते दिवस म्हणजे हाल. आधी स्टेरॉइड झालं. चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली, डोस कमी केला की प्लेटलेट्स पुन्हा खाली. मग शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळी लिहून दिली. ही गोळी हाडांतल्या मज्जेला जास्त प्लेटलेट्स तयार करायला लावते. अमेरिकेत तिला २००८ साली मान्यता मिळाली. आता आपल्याकडे देशी कंपन्यांच्याही गोळ्या मिळतात, पण स्वस्त म्हणाव्यात अशा नाहीत.

कागदावर काय लिहिलं होतं? गोळीचं नाव, ताकद, आणि पुढे १-०-०. बस्स. दुकानदाराने पाकिटावर पेनाने एक उभी रेघ मारली आणि पैसे मोजून घेतले.

आता १-०-० चा अर्थ आपल्या घरात काय होतो? सकाळी, नाश्त्यानंतर, आणि औषध "गरम पडू नये" म्हणून दुधाबरोबर. सासूबाईंनी मायेने रोज कपभर म्हशीचं दूध हातात दिलं. रक्त फार जात असल्यामुळे त्याच डॉक्टरांनी लोहाची गोळी आणि स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियमची गोळीही लिहिली होती. तीही १-०-०. तिन्ही गोळ्या एका घोटात!

पाच आठवड्यांनी प्लेटलेट्स चौदा हजार. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडत नाहीये, पाणथरी काढायचा विचार करावा लागेल. म्हणजे ऑपरेशन. शरीरातला एक अवयव कायमचा जाणार.

त्या रात्री खोक्यातला घडीचा कागद उघडून बसले. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दूधदुभतं, कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तासांनंतरच ही गोळी घ्यावी. कॅल्शियम आणि लोह गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पोचतच नाही. भरपूर कॅल्शियमच्या नाश्त्याबरोबर घेतली तर जवळजवळ साठ टक्के औषध वाया जातं, अँटासिडबरोबर सत्तर टक्के. फोन करून डॉक्टरांना विचारलं. "हो, हो, तसंच घ्यायचं असतं," असं उत्तर आलं. असतं! मग पहाटे साडेचारला उठून नुसत्या पाण्याबरोबर गोळी, चहा साडेसहानंतर, लोह आणि कॅल्शियम दुपारी. तीन आठवड्यांत प्लेटलेट्स अडुसष्ट हजार. पाणथरी अजून जागेवर आहे, चौकशीबद्दल आभार.

मला इंग्रजी वाचता येतं म्हणून ती वाचली. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या एखाद्या बाईला येत नसेल तर? तिची गेली असती, आणि फाईलवर शेरा असता, "औषधाला प्रतिसाद नाही." चूक औषधाची नाही, तिची तर नाहीच, तरी शिक्षा तिला.

बरं, "दूध टाळा" एवढं सांगूनही आमच्याकडे भागत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर रोज दूध पितं कोण? तिथे नाचणीची भाकरी असते, आणि नाचणी म्हणजे कॅल्शियमची खाणच. शंभर ग्रॅम नाचणीत तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. जवळा, सुकट अख्खीच खाल्ली जाते, त्यातही तेच. शेवग्याच्या पाल्यातही तेच. तंबाखूबरोबर मळतात तो चुना तर कॅल्शियमच आहे. हे पदार्थ वाईट नाहीत, खायलाच हवेत, फक्त गोळीपासून वेळेने लांब ठेवायचे. पण हे सांगायला औषधाबरोबर पेशंटचं ताटही माहीत असावं लागतं.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "डॉक्टरांना वेळ कुठे असतो?" खरंच नसतो, मला मान्य आहे. सरकारी ओपीडीतली रांग मी पाहिली आहे, तिथल्या डॉक्टरांची कीवच येते. पण "पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-भाकरी दोन तासांनी" हे बोलायला दहा सेकंद लागतात. तेही नसतील तर मराठीत रबरी शिक्का करा. आणि औषध दुकानदाराचं काय? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार पेशंटला औषधाबद्दल समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. ते काम पाकिटावर रेघ मारून होत नाही.

दुसरं उत्तर जास्त लागतं. "खेड्यातल्या लोकांना कळत नाही हो." अहो, ज्या माणसाला युरिया कधी टाकायचा, पाऊस यायच्या आधी की उघडीप पडल्यावर, राब कधी भाजायचा, रोप किती दिवसांचं झालं की लावायचं हे कळतं, त्याला दोन तास आधी आणि चार तास नंतर कळणार नाही? टीबीच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे आशाताई घरोघरी समजावतात आणि लोक सहा-सहा महिने त्या घेतात. सांगितलं की कळतं. न सांगता कळत नाही, ते तर मुंबईतल्या इंजिनिअरलाही कळत नाही.

आता जरा आपल्या माणसांकडे वळते. घरच्या अहेराशिवाय भांडण पुरं होत नाही.

एक, ताप आला की "सुई मारा" म्हणणं बंद करा. ज्याच्या प्लेटलेट्स खूप कमी आहेत त्याला कमरेत किंवा दंडात सुई दिली तर आत स्नायूत रक्त साकळू शकतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. दवाखान्यात पाय ठेवताच "मला प्लेटलेट्सचा आजार आहे" हे आधी सांगायचं, मग ताप.

दोन, पपईचा पाला. मला आजवर अकरा जणांनी सुचवला आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स काही दिवस उतरतात आणि आजार ओसरला की आपोआप चढतात. मधल्या काळात ज्याने जे प्यायलं त्याला श्रेय मिळतं. माझा आजार आपोआप ओसरणारा नाही. तेव्हा पाला बकरीला घाला.

तीन, "बरं वाटतंय ना, मग कशाला गोळ्या?" हा सल्ला. ही गोळी एकदम थांबवली तर प्लेटलेट्स आधीपेक्षाही खाली जाऊ शकतात, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड तर झटक्यात कधीच सोडायचं नसतं. आणि प्लेटलेट्स लाखावर नाहीत म्हणून रडूही नका. रक्त वाहू नये एवढ्या असल्या की पुरे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनाही तेच सांगतात. तीस हजार किंवा त्याहून जास्त असतील आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळच असेल, तर मोठ्या माणसांना सहसा स्टेरॉइड न देता नुसतं लक्ष ठेवावं.

आमच्या तालुक्यातून भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी बिनबोभाट मुंबईला पोचतं. त्याच्या बदल्यात आम्ही आसनगावहून लोकलला लटकत किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठत मोठ्या डॉक्टरांकडे जातो, एक दिवसाची मजुरी बुडवून. एवढं करून हातात १-०-० चा कागद घेऊन परत यायचं? फुकट काही मागत नाही आहोत. पैसे देतोच आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी कागद हातात आला की खुर्चीवरून उठू नका. चारच गोष्टी विचारा: कधी घेऊ, कशाबरोबर घेऊ नको, माझ्या बाकीच्या गोळ्यांचं काय, आणि एखादा दिवस चुकला तर काय करू. उत्तर मराठीत लिहून मागा. मागची रांग कुरकुर करेल, डॉक्टर घड्याळाकडे बघतील. बघू देत. रांगेतल्या पुढच्या माणसालाही तेच विचारायचं आहे, त्याला फक्त धीर होत नाहीये.