खिडकी बंद, कॉइल चालू!

गेल्या हिवाळ्यात आईचा खोकला महिनाभर हटत नव्हता. वय ७१. सिगारेट-बिडी सोडा, तिने उभ्या आयुष्यात मिश्रीसुद्धा लावलेली नाही. दोनदा औषधं बदलून झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "आजी, रात्री खोलीत काय काय पेटवता?"

"काही नाही हो. देवापुढे धूप, आणि झोपताना डासांची कॉइल."

"आणि खिडकी?"

"बंद! बाहेरून वास येतो ना."

डॉक्टर आईकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. पनवेलच्या प्रदूषणावर इतकी वर्षं बातम्या लिहिणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात आई बंद खोलीत रोज रात्री धूर घेत होती. मला पत्ता नाही!

आपल्याकडे बाहेरच्या हवेवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बरोबरच आहे. जानेवारी २०२१ मध्ये 'वातावरण' संस्थेने खारघरमध्ये भली मोठी पांढरी कृत्रिम फुप्फुसं उभी केली होती, आठवतंय? थोड्याच दिवसांत ती काळी पडली. आपण फोटो काढले, शेअर केले. तळोजाच्या बाजूने रात्री येणाऱ्या उग्र वासाबद्दल खारघर, कळंबोली, कामोठ्याचे रहिवासी किती वर्षं तक्रारी करतायत. त्यात एक्सप्रेस वे कळंबोलीतून सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पनवेलमधून. ट्रक, कंटेनर, बांधकामाची धूळ, सगळं आपल्या दारात.

मग आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. आणि आपल्याला वाटतं, सुटलो.

इथेच फसतो आपण. खिडकी लावली म्हणून बाहेरची बारीक धूळ पूर्ण थांबत नाही, पण आतला धूर मात्र कोंडला जातो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेले डॉ. संदीप साळवी हे सांगून सांगून थकले असतील. बंद खोलीत एक कॉइल जळली की त्यातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, हे साधारण १०० सिगारेटींच्या कणांइतके असतात. ही तुलना कणांपुरती आहे, कॉइलमध्ये तंबाखू नसतो. पण कण ते कणच. फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. ज्या घरात सिगारेट पिणाऱ्याला गॅलरीत हाकलतात, त्याच घरात नातवाच्या उशाशी रात्रभर कॉइल असते.

आता कुणी म्हणेल, डास चावू देऊ का? बरोबर आहे. डेंग्यू, मलेरिया काही खोटा नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे की घरातली हवा ही फक्त घरातल्यांची जबाबदारी नाही. कॉइल का लावतो आपण? खाली गटार तुंबलंय, बांधकामाच्या खड्ड्यात पाणी साचलंय, टाक्यांना झाकणं नाहीत म्हणून. खिडकी का लावतो? वास येतो म्हणून. बाहेरचं काम वेळेवर झालं नाही की त्याचा धूर आपल्या बेडरूममध्ये निघतो. इथली नगरपालिका १८५२ सालची, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये महापालिका झाली. एवढ्या जुन्या शहरात डासांचा बंदोबस्त घरोघरी धूर करूनच व्हायचा असेल, तर कर कशाचा भरतो आपण?

कायद्याची गंमत बघा. बाहेरच्या हवेसाठी देशात २००९ पासूनची मानकं आहेत: पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून १५ म्हणते. घरातल्या हवेसाठी मात्र आपल्याकडे असा कायदेशीर आकडा नाही, त्यामुळे घरात येऊन मोजणारंही कुणी नाही. ते आपल्यालाच बघावं लागणार.

तेव्हा महापालिकेची वाट न बघता आज रात्रीपासून काय करता येईल, ते सांगतो. यातलं बरंचसं मी घरी केलंय.

१. कॉइल आणि डासांची अगरबत्ती बंद. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना बारीक जाळी बसवून घ्या. एकदाच खर्च. नाक्यावर मिळणाऱ्या स्वस्त 'डासांच्या अगरबत्त्या' तर घेऊच नका. कीटकनाशक म्हणून नोंदणी असेल तर पाकिटावर सीआयआर क्रमांक असतो. तो नसेल तर आत काय भरलंय देव जाणे.

२. धूप-अगरबत्ती. इथे आईशी माझं भांडण झालं. शेवटी तह असा: देवाला निरांजन आणि फुलं रोज, धूप सणावाराला, तोही खिडकी उघडी ठेवून. देव रागावल्याचं अजून तरी जाणवलं नाही.

३. स्वयंपाकघर. मासे तळताना, फोडणीला होणारा धूर आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू बाहेर जायला हवेत. एक्झॉस्ट फॅन आधी लावा, कढई नंतर तापवा. आपल्या टॉवरमधल्या कित्येक घरांत कबुतरांमुळे एक्झॉस्टचं भोक पेपर कोंबून बंद केलेलं असतं. पेपर काढा, जाळी लावा. चिमणी घेताना पाइप बाहेर जातो का ते बघा, नाहीतर बराचसा धूर घरातच फिरतो.

४. खिडकी कधी उघडायची? हिवाळ्यात पहाटे हवा थंड आणि जड असते, धूर-धूळ खालीच अडकते. ऊन वर आलं की हवा हलते. साधारण ११ ते ४ मध्ये समोरासमोरच्या खिडक्या अर्धा-पाऊण तास उघडा. रात्री वास आला तर जरूर बंद करा, पण मग आत काही पेटवू नका.

५. ओल. आपला पाऊस सांगायला नको. भिंतीवर काळे ठिपके म्हणजे बुरशी. वरून रंग मारून ती जात नाही, आधी गळती बंद करावी लागते. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

६. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही.

आणि नर्सरीत 'हवा शुद्ध करणारी' म्हणून विकतात ती झाडं? हौसेने ठेवा. दोन-चार कुंड्यांनी घरातल्या हवेत जाणवेल असा फरक पडत नाही. एअर प्युरिफायर हेपा फिल्टरचा असेल तर धूळ पकडतो, पण रसायनांच्या वासाला वेगळा कार्बन फिल्टर लागतो. शिवाय किती घरांना तो परवडणार?

कर्नाळ्याच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांवर जाऊन बघा. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरी आलं, पण भरून आणायला पैसे नसले की पुन्हा चूल. त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईला मी 'खिडकी उघड' असं कुठल्या तोंडाने सांगू? तिथे स्वस्त सिलिंडर हाच उपाय.

माझी मागणी साधी आहे. आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला विचारा: डासांची अळी मारायला माणूस शेवटचा कधी आला होता? आणि रात्री वास आला की वेळ, तारीख, ठिकाण लिहून लेखी तक्रार करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसतं "आज पण वास येतोय" टाकून काही होत नाही, कागद लागतो.

आईचा खोकला आता बराच कमी आहे. कॉइलमुळेच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, औषधंही चालू होती. पण डॉक्टरांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. तोच तुम्हाला विचारतो.

रात्री खोलीत काय काय पेटवता?