साचा सगळ्यांना माहीत आहे, मग प्रेमकादंबरीतून नेमकं चोरलं काय जातं?

२०२५ च्या मे महिन्यात सोशल मीडियावर एका इंग्रजी प्रेमकादंबरीच्या पानाचे स्क्रीनशॉट फिरायला लागले. कथा ऐन रंगात आलेली आणि मध्येच दोन ओळी अशा, की ज्यांचा कथेशी काहीच संबंध नाही. 'हा प्रसंग अमुक लेखिकेच्या शैलीशी जुळेल असा पुन्हा लिहिला आहे,' अशा आशयाच्या. अमुक लेखिका म्हणजे याच प्रकारात लिहिणारी दुसरी लोकप्रिय लेखिका. एआयने दिलेलं उत्तर तसंच्या तसं पुस्तकात चिकटवलं गेलं होतं आणि त्या ओळी काढायच्या राहून गेल्या होत्या.

मीम्स झाले, एक-स्टार रेटिंग्ज पडली. सोबत नेहमीचा शेराही आलाच: प्रेमकादंबऱ्या साच्यातूनच निघतात, मग त्या माणसाने लिहिल्या काय आणि मशीनने लिहिल्या काय?

या प्रश्नाचं उत्तर हवं असेल, तर पूर्णवेळ प्रेमकादंबऱ्या लिहिणारी व्यक्ती दिवसभर नेमकं काय करते ते बघावं लागेल. त्यासाठी नोरा रॉबर्ट्स यांच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात राहणाऱ्या रॉबर्ट्स यांचा जन्म १९५० चा. त्यांच्या नावावर दोनशेहून जास्त कादंबऱ्या आहेत आणि एकूण प्रतींचा आकडा ५० कोटींच्या पुढे आहे.

साचा आहे, आणि तो कुणी लपवत नाही

'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीच्या व्याख्येत दोनच अटी ठेवल्या आहेत. कथेच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा हवा. म्हणजे जोडी जुळणार हे वाचकाला पुस्तक विकत घेतानाच माहीत असतं.

यात कमीपणा काही नाही. दशावतारात शेवटी राक्षस हरणार हे माहीत असूनही कोकणात लोक रात्र जागवतातच की!

पण यामुळे लिहिणाऱ्याची अडचण वाढते. 'पुढे काय होणार?' हे हत्यार रहस्यकथा लिहिणाऱ्याकडे असतं, इथे ते पहिल्या पानावरच हातातून गेलेलं असतं. उरतं ते 'कसं?' दोन माणसं एकमेकांना आवडतात, तरी तीनशे पानं एकत्र येत नाहीत, याला पटेल असं कारण द्यावं लागतं. गैरसमज तकलादू असेल तर वाचक लगेच म्हणतो, 'हे दोघं पाच मिनिटं नीट बोलले असते तर पुस्तक तिथेच संपलं असतं.'

बर्फ, दोन मुलं आणि एक वही

फेब्रुवारी १९७९. मेरीलँडमध्ये प्रचंड हिमवादळ आलं होतं. रस्ते बंद, शाळा बंद. घरात रॉबर्ट्स आणि त्यांची दोन लहान मुलं. खेळून झालं, वैताग आला, घरातलं चॉकलेटही संपत आलं. तेव्हा डोकं ठिकाणावर ठेवण्यासाठी त्यांनी वही उघडून मनातली एक गोष्ट लिहायला घेतली. हा किस्सा त्या स्वतःच अनेक मुलाखतींत सांगतात.

पुढची दोन वर्षं नकारांची होती. तेव्हा या प्रकारातली मोठी प्रकाशनसंस्था म्हणजे कॅनडाची हार्लेक्विन. आपल्याकडे माहीत असलेली 'मिल्स अँड बून' १९७१ पासून तिच्याच मालकीची. हार्लेक्विनच्या लेखिका बहुतेक ब्रिटिश. रॉबर्ट्स यांना तिथून उत्तर आलं, की आमच्याकडे आमची अमेरिकन लेखिका आधीच आहे. ती लेखिका म्हणजे जॅनेट डेली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९८० मध्ये सायमन अँड शुस्टरने अमेरिकन लेखिकांना जागा देणारी 'सिल्हूट' ही नवी मालिका सुरू केली आणि १९८१ मध्ये रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी 'आयरिश थरोब्रेड' तिथून आली. १९८२ ते १९८४ या तीन वर्षांत त्यांनी सिल्हूटसाठी २३ कादंबऱ्या लिहिल्या.

एवढा वेग येतो कुठून?

रॉबर्ट्स यांच्या उत्तरात जादू शोधणाऱ्यांची निराशा होते. त्या रोज सहा ते आठ तास खुर्चीत बसतात. सुट्टीवर गेल्या तरी लिहिणं चालूच. स्फूर्तीची वाट बघत बसणं त्यांना मान्य नाही. वाईट लिहिलेलं पान सुधारता येतं, कोऱ्या पानाचं काहीच करता येत नाही, हे त्यांचं म्हणणं लेखनाच्या कार्यशाळांमध्ये आता घासून गुळगुळीत झालंय.

त्या आधी कथानकाचा आराखडा करत नाहीत. एखादा प्रसंग, एखादी व्यक्ती किंवा जागा डोळ्यांसमोर आली की पहिला खर्डा सुरू. तो तोकडा असतो, फक्त गोष्टीची हाडं. लिहिताना मागे वळून दुरुस्ती करायची नाही, शेवटपर्यंत जायचं. मग पुन्हा पहिल्या पानापासून दुसरा खर्डा. यात तपशील, रंग, माणसांचे स्वभाव भरले जातात आणि जिथे गोष्ट लंगडते तिथे आधार दिला जातो. त्यानंतर शेवटचा हात फिरवायचा आणि पुस्तक एजंटकडे.

पहिल्या खर्ड्यात शेवटपर्यंत गेल्याशिवाय त्यांना स्वतःलाच आपली माणसं पुरती ओळखता येत नाहीत, हे या पद्धतीचं मर्म म्हणता येईल. नायिका दहाव्या प्रकरणात असं का वागली हे लेखिकेला शेवटाला पोचल्यावर कळतं, आणि मग दुसऱ्या प्रकरणात त्याचं बीज पेरता येतं. तीन पुस्तकांची मालिका असेल, तर तिन्ही त्या सलग लिहितात, कारण मध्ये खंड पडला की माणसांचे आवाज कानातून जातात.

हा वेग प्रकाशकांनाच झेपेना. एकाच नावाने एवढी पुस्तकं बाजारात आणणं अवघड झालं, तेव्हा १९९५ मध्ये दुसरं टोपणनाव आलं, जे. डी. रॉब. मुलांच्या नावांची आद्याक्षरं आणि 'रॉबर्ट्स'चा तुकडा जोडून केलेलं. या नावाने येणाऱ्या 'इन डेथ' या भविष्यातल्या पोलिसकथांच्या मालिकेने साठ पुस्तकं ओलांडली आहेत.

भरपूर लिहिणाऱ्याकडे संशयाने बघायची सवय मराठीतही जुनी आहे. चंद्रकांत काकोडकर किंवा बाबा कदम यांच्या कादंबऱ्यांवर एके काळी गल्लोगल्लीच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या चालायच्या, पण साहित्याच्या चर्चेत त्यांची नावं क्वचितच निघाली. काकोडकरांचं नाव गाजलं ते कोर्टामुळे. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. ते रोज लिहायचे कसे, हे विचारावंसं मात्र फारसं कुणाला वाटलं नाही.

चोरांनी काय उचललं?

आता जॅनेट डेली. १९९७ मध्ये एका वाचकाने रॉबर्ट्स यांची एक कादंबरी आणि डेली यांची एक कादंबरी लागोपाठ वाचली. उतारेच्या उतारे सारखे! वाचकाने ते इंटरनेटवर शेजारी शेजारी टाकले. डेली तोवर या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक होत्या. त्यांनी चोरी कबूल केली, मानसिक आजाराचं कारण दिलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९८ मध्ये तडजोड झाली. मिळालेले पैसे रॉबर्ट्स यांनी साक्षरतेचं काम करणाऱ्या संस्थांना दिले.

दुसरं प्रकरण फेब्रुवारी २०१९ चं. कोर्टनी मिलान या लेखिकेला तिच्या वाचकांमुळे कळलं, की ब्राझीलच्या एका लेखिकेच्या पुस्तकात तिची वाक्यं आहेत. शोध घेतला तर रॉबर्ट्स यांच्यासह डझनावारी लेखिकांची वाक्यं निघाली, गोधडीसारखी जोडलेली. पैसे देऊन नेमलेल्या घोस्टरायटरने हे केलं, असा खुलासा त्या लेखिकेने केला. रॉबर्ट्स यांनी रिओ दि जानेरोच्या कोर्टात दावा लावला.

या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट नजरेतून सुटते. साचा तर सगळ्यांकडे होता. डेली यांनी तो स्वतः आयुष्यभर वापरलेला. फक्त साच्यातून कादंबरी निघत असती, तर वाक्यं चोरायची गरजच काय होती? चोरावी लागली ती दुसऱ्या खर्ड्यातली मेहनत. नायिका दारात थबकते तेव्हा ती कशाकडे बघते, नायक विषय टाळताना नेमकं कोणतं वाक्य बोलतो, हे साच्यात नसतं. ते कुणीतरी तास घालून शोधलेलं असतं.

तासांची किंमत: एका पानाला अर्ध्या सेंटहून कमी

रॉबर्ट्स यांचं चांगलं चाललंय. पण आज या धंद्यात येणाऱ्या बहुसंख्य लेखिका स्वतःच पुस्तक प्रकाशित करतात आणि त्यांचं घर चालतं अ‍ॅमेझॉनच्या 'किंडल अनलिमिटेड'वर. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वाचक महिन्याला ठरावीक रक्कम भरतो आणि हवी तितकी पुस्तकं वाचतो. त्यात पुस्तक ठेवायचं, तर त्याचं ई-बुक त्या काळात दुसरीकडे कुठेही विकता येत नाही.

सुरुवातीला वाचकाने दहा टक्के पुस्तक वाचलं की लेखकाला पैसे मिळत. साहजिकच छोट्या छोट्या भागांचं पीक आलं. जुलै २०१५ पासून हिशेब वाचलेल्या पानांवर आला. लगेच उलटं झालं. काही जण पुस्तकाच्या शेवटी जुनी चार पुस्तकं जोडून पानं फुगवायला लागले, मग २०१८ मध्ये अशा जोडमजकुरावर बंधनं आली. पैसे मोजण्याची पद्धत बदलली की गोष्टीचा आकार बदलतो, तो असा.

एका पानाचा दर अमेरिकेत साधारण अर्ध्या सेंटच्याही खाली असतो. वाचकाने तीनशे पानं पूर्ण वाचली, तरी लेखिकेच्या हाती दीड डॉलरपेक्षा कमी. त्यात नवं पुस्तक आलं नाही, की जुन्याचं वाचन घसरतं. त्यामुळे 'झपाट्याने लिहा' हा सल्ला लेखिकांच्या गटांत मंत्रासारखा फिरतो आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती दुसऱ्या खर्ड्याला. एआय नेमका याच फटीतून आत शिरतो.

आधी प्रशिक्षण, मग स्पर्धा

गंमत म्हणावी तर गंमत, एआयला बोलायला शिकवण्यात प्रेमकादंबऱ्यांचा वाटा जुना आहे. संशोधकांनी 'बुककॉर्पस' नावाचा सुमारे ११,००० पुस्तकांचा संच तयार केला होता. पुस्तकं स्मॅशवर्ड्स या साइटवरची, लेखकांनी स्वतः टाकलेली आणि वाचायला मोफत. त्यातल्या २,८६५ प्रेमकादंबऱ्या होत्या. आपल्या एआयची भाषा जरा मोकळी व्हावी म्हणून गुगलने त्या वापरल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. ओपनएआयचं २०१८ चं पहिलं जीपीटी मॉडेलही याच संचातल्या ७,००० हून जास्त पुस्तकांवर घडलं.

भरपाईचा प्रश्न कोर्टात पोचला तो बऱ्याच नंतर. एआय कंपनी अँथ्रॉपिकविरुद्धच्या खटल्यात जून २०२५ मध्ये अमेरिकी न्यायाधीशांनी म्हटलं, की विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेलला प्रशिक्षण देणं कायद्यात बसतं, पण पायरेटेड प्रती उतरवून साठवणं बसत नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर, जवळपास पाच लाख पुस्तकांसाठी.

यात एक मेख आहे. पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ठरलेल्या मुदतीत नोंदणी झालेली असेल, तरच ते या यादीत. मोठ्या प्रकाशकांच्या लेखिकांसाठी हे सोपं. स्वतः पुस्तक काढणाऱ्या, त्यासाठी फी भरून नोंदणी न केलेल्या लेखिकेचं पुस्तक त्याच पायरेटेड संग्रहात सापडलं, तरी तिच्या हाती काही नाही.

अशा वेळी भांडायला संघटना हवी. पण ज्या मिलानने २०१९ ची चोरी उघड केली, तिच्यावरच त्या वर्षाअखेरीस 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका'ने कारवाई केली, कारण तिने एका कादंबरीतल्या चिनी पात्रांच्या चित्रणाला वर्णद्वेषी म्हटलं होतं. सदस्यांनी धडाधड राजीनामे दिले. दहा हजारांच्या आसपास असलेली सदस्यसंख्या दोन हजारांवर आली आणि मे २०२४ मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन नियम आणले. एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं टाकता येणार नाहीत आणि मजकूर एआयने तयार केलेला असेल तर तसं कंपनीला कळवावं लागेल. दिवसाला तीन! रॉबर्ट्स यांच्या सर्वांत झपाटलेल्या काळातही वर्षाला आठच्या आसपास कादंबऱ्या होत होत्या. आणि एआयबद्दल दिलेली ती माहिती अ‍ॅमेझॉनकडेच राहते, विकत घेणाऱ्याला पुस्तकाच्या पानावर ती दिसत नाही.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये 'ऑथर्स गिल्ड' या लेखकसंघटनेने उलट्या बाजूने सुरुवात केली. तिचं 'ह्यूमन ऑथर्ड' हे चिन्ह लेखकाला आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावता येतं. मजकूर माणसाने लिहिलाय, हे आता लिहिणाऱ्यालाच नोंदवावं लागतंय.