अंगठा मागणारा गुरू नको, नियम पाळणारा प्रशिक्षक हवा

आपल्या देशात उत्कृष्ट क्रीडा प्रशिक्षकाला १९८५ पासून जो राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, त्याचे नाव द्रोणाचार्य पुरस्कार. एकलव्याला ज्याने काही शिकवले नाही आणि न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मात्र मागून घेतला, तो द्रोणाचार्य! हे नाव केवळ पुरस्कारापुरते असते तर एक वेळ सोडून दिले असते. पण त्यामागची वृत्ती आजही मैदानावर जिवंत आहे. गुरूला प्रश्न विचारायचा नाही, गुरू मागेल ते द्यायचे, गुरूने मारले तरी ते भल्यासाठीच, ही ती वृत्ती. लहान खेळाडूंच्या शोषणाला सर्वांत मोठे संरक्षण मिळते ते हिच्यामुळेच.

आपल्या वस्त्यांतील, तांड्यांवरील, आश्रमशाळांतील मुले-मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे यांकडे वळतात, ती केवळ हौस म्हणून नव्हे. महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे खेळाचे प्रमाणपत्र हा भाकरीचा प्रश्न आहे. आणि या वाटेच्या तोंडाशी कोण उभा असतो? ‘सर’! संघात कोणाला घ्यायचे, जिल्ह्याला कोणाला पाठवायचे, कोणाचा अर्ज पुढे सरकवायचा, हे बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो. आईबाप मजुरीला गेलेले. मुलगी पहाटे पाच वाजता मैदानावर. सरांनी काही वावगे केले तर ती सांगणार कोणाला? सांगितले तर खेळ सुटतो, खेळ सुटला की नोकरीची आशा सुटते. घरचेही म्हणतात, गप्प बस. या गप्प बसण्यावरच वाईट माणसाचा धंदा चालतो.

तक्रार केली तर काय होते, हे हरियाणातील प्रकरणाने देशाला दाखवले आहे. ऑगस्ट १९९० मध्ये १४ वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीने राज्य लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष व पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. मुलीला शाळेतून काढण्यात आले, तिच्या भावावर गाड्या चोरल्याचे गुन्हे दाखल झाले आणि १९९३ मध्ये तिने आत्महत्या केली. राठोड मात्र पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले. शिक्षा झाली डिसेंबर २००९ मध्ये, सहा महिन्यांची! पुढे अपिलात ती दीड वर्ष झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. एका मुलीचा जीव गेला आणि हिशेब मिटला तो एवढ्यावर.

तेव्हा मुलांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. आज आहे. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू आहे. मुलग्यांचेही शोषण होते, हे आपण विसरतो. शाळेच्या व्यवस्थापनातील वा कर्मचारी वर्गातील माणसाने किंवा मुलावर विश्वासाचे, अधिकाराचे स्थान असलेल्या माणसाने गुन्हा केला तर तो अधिक गंभीर मानला जातो. अशा माणसाने केवळ लैंगिक हेतूने स्पर्श केला तरी शिक्षा किमान पाच वर्षे. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर कलम २१ खाली त्यालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. संस्था ‘कोणत्याही नावाची’ असो, असे त्या कलमाचे शब्द आहेत. तेव्हा क्रीडा मंडळ, तालीम, अकादमी असल्या पाट्यांआड कोणी लपू नये. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

असे प्रकरण उघड झाले की पदाधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “आपापसात मिटवता येईल का?” नाही! मिटवण्याचा अधिकार मंडळाला नाही, सरपंचाला नाही, मुलीच्या बापालाही नाही. आणि पीडित मूल अनुसूचित जाती-जमातीचे असून आरोपी तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही लावून घेतली पाहिजेत.

पण खटला हा शेवटचा उपाय. त्याआधीची तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२० च्या पोक्सो नियमांत क्रीडा अकादमीचे नाव घेऊन म्हटले आहे की, मुलांच्या नेहमी संपर्कात येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कंत्राटी का असेना, वेळोवेळी पोलीस पडताळणी करावी आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे. आपल्या तालुक्यातील किती अकादम्यांनी हे केले आहे, विचारून पाहा! वरच्या पातळीवरही उजेडच आहे. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीगीरांना जंतरमंतरवर बसावे लागले. अनेक राष्ट्रीय महासंघांत अंतर्गत तक्रार समितीच नाही, या वृत्तावरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला मे २०२३ मध्ये नोटिसा काढाव्या लागल्या. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आली, हे चांगले झाले. पण दिल्लीचे धोरण गावच्या मैदानापर्यंत पोहोचेस्तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे काय?

म्हणून प्रत्येक मंडळाने, शाळेने काही साधे नियम लेखी करून भिंतीवर लावावेत. एक, बंद खोलीत किंवा गाडीत प्रशिक्षकाने एकट्या मुलाबरोबर राहू नये. दोन, बाहेरगावच्या स्पर्धेत मुक्काम वेगळा असावा आणि मुलींबरोबर जबाबदार महिला असावीच. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ मध्ये राष्ट्रीय संघांसाठी महिला प्रशिक्षक सक्तीची केली; मग जिल्ह्याच्या संघाला सूट कशासाठी? तीन, कुस्ती-कबड्डीत पकड शिकवताना हात लागणारच, पण तो आधी सांगून, सर्वांदेखत; मालिश मात्र प्रशिक्षकाने करू नये. चार, निरोप पालक असलेल्या गटावरच द्यावेत, रात्री खासगी संदेश नकोत. पाच, मारहाण, जातीवाचक वा शरीरावरून टोमणे आणि सरांच्या घरची धुणीभांडी बंद. ही वेठबिगारी आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केली, खेळाच्या नावाखाली ती परत नको. सहा, निवड एकाच्या हाती नसावी. निकष लेखी असावेत, निवड तिघांनी करावी. सात, तक्रार कोणाकडे करायची ते नाव, त्यातले एक महिलेचे आणि एक मंडळाबाहेरचे, फलकावर असावे. सोबत १०९८ हा बालमदत क्रमांक.

काहीजण म्हणतील, याने चांगल्या प्रशिक्षकांवर संशय येईल. स्वतःच्या खिशातून मुलांना बूट घेऊन देणारे, पगाराविना उन्हातान्हात उभे राहणारे प्रशिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी आदरच आहे. पण नियम त्यांनाही वाचवतात. जो सर्वांदेखत शिकवतो, त्याच्यावर खोटा आरोप टिकत नाही. नियमाला विरोध कोण करतो, हे पाहिले तरी बरेच कळते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. मैदानावरची विभूतिपूजा वेगळी नाही. तेव्हा पालकांनो, पोराला मैदानावर पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारा: प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि नियम कुठे लावले आहेत? दोन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर चार पालक मिळून लेखी मागा, अर्जाची पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्या. आपल्या लेकरांनी पदके जरूर आणावीत, पण त्यासाठी कोणाचाही अंगठा जाता कामा नये.