शेकोटी पेटवील त्यानेच ती विझवावी



गळिताचा हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. कृष्णा-वारणाकाठी पहाटे दारोदारी शेकोट्या पेटतात, माण, खटाव, जतकडे हुरड्याच्या आगट्या लागतात. यात वावगे काही नाही. चार माणसे एकत्र बसतात, ऊसदराची चर्चाही तिथेच रंगते. शेकोटी बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, भोवती माणसे आहेत तोवर शेकोटी सहसा दगा देत नाही. दगा देते ती माणसे उठून गेल्यावर. वरून राख दिसते, आत निखारा जिवंत असतो. वारा सुटला की ठिणगी वाळल्या पाचटात पडते आणि आपल्याबरोबर शेजाऱ्याचाही फड जातो.

जळालेला ऊस दिवसागणिक वजनात आणि साखरेत घटतो. त्याला तातडीने तोड द्यावी, तर पाळीतला दुसऱ्याचा ऊस मागे पडतो. एकाच्या शेकोटीची किंमत अशी तिघे मोजतात.

म्हणून शेकोटी ऊस, गंजी आणि गोठ्यापासून लांब, वाऱ्याचा रोख पाहून करावी. विजेच्या तारेखाली करू नये. जागा झाडून छोटा खड्डा घ्यावा. रॉकेल, पेट्रोल ओतू नये. टायर, प्लास्टिक जाळू नये. पाण्याची घागर शेजारी हवीच. उठताना पाणी ओतायचे, काठीने राख उकरून पुन्हा ओतायचे, धग गेली की वर माती लोटायची. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून तर कधीच झोपू नये; तिचा वायू झोपेतच जीव घेतो.

फड पेटला की बोट पहिले ऊसतोड टोळीकडे जाते. पण त्यांची चूल उघड्यावरच पेटणार. खोपटासाठी पाचट काढून साफ केलेली जागा आणि पिंपभर पाणी देणे हे शेतमालकाचे आणि कारखान्याचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदाही आहे. निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सागरेश्वर, कोयना अभयारण्यांत वनाला धोका होईल अशी आग पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. पण कायदा येतो आग लागल्यावर. घागर आधीपासून हाताशी असते, ती वापरा.